युक्लिड अव्हेन्यूवरचं टपाल

१९७५च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या वाचकांची देवळालीच्या एका निवृत्त शिक्षकाशी ओळख झाली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. डहाणूला जन्म, ठाण्याला शाळा, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक, मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. आणि मग १९३०पासून १९६२पर्यंत देवळालीत मास्तरकी. पुढची पदवी नाही, कुठल्या संशोधन संस्थेत खुर्ची नाही. संख्यांशी खेळणं मात्र एक दिवस थांबलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना तो पोरखेळ वाटायचा. लेख छोट्या-मोठ्या नियतकालिकांत यायचे, पुस्तिका ते स्वतःच छापायचे.

त्यांचं ६१७४ पुष्कळांना ठाऊक असेल, तरी एकदा करून बघण्यात मजा आहे. कापरेकरांचंच जन्मसाल घेऊ, १९०५. अंक उतरत्या क्रमानं लावले तर ९५१०, चढत्या क्रमानं ०१५९. वजाबाकी ९३५१. पुन्हा तसंच करत गेलं की ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. इथून पुढं काहीही केलं तरी ६१७४च. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथं पोचते. कापरेकरांचं जन्मसाल बरोबर सात पायऱ्या घेतं, याचा मला उगाच आनंद होतो.

त्या मार्चच्या लेखात विषय होता त्यांच्या स्वयंभू संख्यांचा. ४७ घ्या, त्यात तिचेच अंक मिळवा, ४ आणि ७, म्हणजे ५८. तेव्हा ५८ ही ४७पासून जन्मली. पण २०? अशी कुठलीच संख्या नाही जिच्यात तिचे अंक मिळवले तर २० येतात. १४पासून १९ येतात, १५पासून एकदम २१. विसाला आईबाप नाहीत. तशीच ३१, तशीच ४२, ५३, ६४. कापरेकरांना या संख्यांना देवळालीचं नाव द्यावंसं वाटत होतं. त्याआधी अशाच एका शोधाला त्यांनी डोंबिवलीच्या जुन्या नावावरून डेम्लो संख्या म्हटलं होतं. लोकलगाडीच्या स्टेशनाचं नाव गणितात नेऊन बसवणाऱ्या या माणसाला जगभर वाचक मिळाले ते त्या एका लेखामुळं, आणि लेख लिहिणारे होते मार्टिन गार्डनर.

गार्डनरांविषयी मला बरेच दिवस लिहायचं होतं. एका लहानशा मराठी मुलांच्या मासिकात मी कोड्यांचं पान चालवते. मुलांची पत्रं येतात, आता बरीचशी मोबाईलवर फोटो काढून येतात, आणि ती वाचताना हा माणूस सतत आठवतो. लोक त्यांना कोडी घालणारा म्हणून ओळखतात. मला ते एका फार मोठ्या पत्रव्यवहाराच्या मधोमध बसलेले संपादक वाटतात. त्यांचं खरं काम तिथं झालं, असं माझं ठाम मत आहे.

जन्म २१ ऑक्टोबर १९१४, ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर. वडील तेलाच्या धंद्यातले भूगर्भतज्ज्ञ. आई ओझच्या जादूगाराची गोष्ट वाचून दाखवायची तेव्हा मुलगा शेजारी बसून पानावर डोळे लावायचा आणि तसाच वाचायला शिकला. लहानपणापासून हातचलाखीचं वेड. शिकागो विद्यापीठातून १९३६मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी. काही काळ गावच्या वर्तमानपत्रात बातमीदारी, मग महायुद्धात नौदल, अटलांटिकवर एका विनाशिकेवर कारकुनी. परतल्यावर कथा लिहून पोट भरायचा प्रयत्न, आणि पुढं न्यूयॉर्कमध्ये ‘हम्प्टी डम्प्टीज मॅगझिन’ या लहान मुलांच्या मासिकात नोकरी. तिथं त्यांच्याकडं मुख्य काम होतं ते कापायच्या, दुमडायच्या, ओढायच्या कागदी करामती तयार करण्याचं. पान फाडून मुलानं त्याचं काहीतरी करावं, अशी पानं.

आणि गणित? शाळा सुटल्यानंतर गार्डनरांनी गणिताचा एकही अभ्यासक्रम केला नाही. कलनशास्त्राशी (कॅल्क्युलसशी) त्यांची झटापट आयुष्यभर चालली. हे ते मोकळेपणानं सांगत आणि वर म्हणत की ‘सायंटिफिक अमेरिकन’मधलं त्यांचं सदर चाललं ते यामुळंच. ‘मला स्वतःला समजायला इतका वेळ लागतो, की वाचकाला कुठं अडेल ते मला आधीच कळलेलं असतं.’ हे विनयापोटी म्हटलेलं नाही. त्यांचा कुठलाही लेख काढून बघा. जिथं एखादा प्राध्यापक ‘हे उघडच आहे’ म्हणून पुढं जाईल, तिथं गार्डनर थांबतात, एक लहान उदाहरण करून दाखवतात, आकृती काढतात आणि मगच पुढं जातात.

सदराची सुरुवात कागदाच्या पट्टीनं झाली. १९३९ साली आर्थर स्टोन नावाचा इंग्रज विद्यार्थी प्रिन्स्टनला शिकत होता. अमेरिकन वहीचे कागद त्याच्या इंग्लंडहून आणलेल्या फायलीत मावेनात, म्हणून तो कडा कापायचा. कापलेल्या पट्ट्या हाताशी राहायच्या, त्या तो दुमडत बसायचा. त्यातून त्याला एक षट्कोन गवसला. त्याचे कोपरे चिमटीत धरून मधून उघडला की आत दडलेली तिसरीच बाजू वर येते. ब्रायंट टकरमन, जॉन टुकी आणि रिचर्ड फाइनमन हे त्याचे मित्र लगेच कामाला लागले आणि चौघांनी मिळून त्या घड्यांचं शास्त्रच तयार केलं. मग युद्ध आलं, पांगापांग झाली.

गार्डनरांना असा षट्कोन दिसला तो न्यूयॉर्कमधल्या एका हौशी जादूगाराच्या घरी, कापडाचा शिवलेला. त्यामागं प्रिन्स्टनची माणसं आहेत कळल्यावर ते प्रिन्स्टनला गेले, टुकी आणि टकरमन यांना भेटले आणि डिसेंबर १९५६च्या अंकासाठी लेख लिहिला. तो छापून आल्यावर न्यूयॉर्कभर लोक कागद दुमडत बसले. प्रकाशक जेरार्ड पील यांनी विचारलं, असा मजकूर दर महिन्याला देता येईल इतका आहे का? गार्डनर ‘आहे’ म्हणाले आणि तडक मॅनहॅटनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरले, कारण त्या विषयावरची पुस्तकं त्यांच्या घरी जवळजवळ नव्हतीच. जानेवारी १९५७मध्ये सदर सुरू झालं. ‘मॅथेमॅटिकल गेम्स’, आद्याक्षरं मार्टिन गार्डनरांचीच. ते जवळपास पंचवीस वर्षं चाललं.

सदराच्या जानेवारीतल्या पहिल्या लेखातला चौरस मी माझ्या पानावर मुलांना दिला आहे. वरच्या ओळीत ४, ७, ५, मधल्या ओळीत ६, ९, ७, खालच्या ओळीत १, ४, २ (हे आकडे माझे, युक्ती तीच). कुठलाही एक आकडा निवडा, त्याची आडवी ओळ आणि उभा स्तंभ खोडा. उरलेल्यांतून दुसरा निवडा, पुन्हा खोडा. शेवटी एक उरेल. तिघांची बेरीज १५. कसेही निवडा, पंधराच. याचं मर्म असं की हा चौरस म्हणजे वेषांतर केलेला बेरजेचा तक्ता आहे. आडव्या ओळींसाठी ३, ५, ० आणि उभ्या स्तंभांसाठी १, ४, २ असे सहा आकडे आधी ठरवले आणि त्यांच्या बेरजा चौकटीत भरल्या. प्रत्येक ओळीतून आणि प्रत्येक स्तंभातून एकेकच आकडा निवडला जातो, म्हणजे शेवटी त्या सहांचीच बेरीज येते. जादूगार आपलं गुपित सांगत नाही. गार्डनर जादू दाखवून झाली की गुपितही सांगत, आणि ते जादूपेक्षा सुंदर असे.

पुढची मोठी वर्षं ते हडसन नदीकाठच्या हेस्टिंग्ज या गावी राहिले. रस्त्याचं नाव युक्लिड अव्हेन्यू, हा केवळ योगायोग. घराच्या वरच्या खोलीत टंकलेखन यंत्र, फायलींची कपाटं आणि कात्रणं चिकटवलेली हजारो कार्डं. पुस्तकातलं हवं ते पान कापून कार्डावर चिकटवायला ते मागंपुढं पाहत नसत, हे वाचून माझ्यासारखीच्या पोटात गोळा येतो. रोज टपाल यायचं. त्यात केंब्रिजचे जॉन कॉनवे असत, ऑक्सफर्डचे रॉजर पेनरोज असत, आणि तितकेच इतर कुणी, ज्यांना कुठली पदवी नाही, ओळख नाही.

त्या इतरांमधल्या एकीची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते.

जुलै १९७५च्या लेखात गार्डनरांनी फरसबंदीचा प्रश्न घेतला. एकाच आकाराच्या फरशीनं फट न ठेवता जमीन भरायची असेल तर कोणते आकार चालतात? कुठलाही त्रिकोण चालतो, कुठलाही चौकोन चालतो. कोपरे बाहेरच काढलेल्या, म्हणजे बहिर्वक्र, षट्कोनाचे तीन प्रकार चालतात. सात किंवा जास्त बाजू असतील तर एकही नाही. गोंधळ आहे तो पंचकोनात. नियमित पंचकोनानं जमीन भरत नाही, पण वेडेवाकडे काही पंचकोन भरतात. कार्ल राइनहार्ट यांनी १९१८मध्ये पाच प्रकार शोधले. १९६८मध्ये रिचर्ड कर्शनर यांनी आणखी तीन दिले आणि यादी पुरी झाली असं जाहीर केलं. गार्डनरांनी तसंच छापलं. लेख वाचून रिचर्ड जेम्स नावाच्या एका संगणकतज्ज्ञानं नववा प्रकार धाडला. डिसेंबरच्या अंकात गार्डनरांनी तो आनंदानं प्रसिद्ध केला.

सॅन दिएगोमध्ये मार्जोरी राइस नावाची गृहिणी होती. पाच मुलांची आई, पन्नाशी ओलांडलेली. शाळेत जेमतेम एक वर्ष गणित केलेलं. मासिक घरी यायचं ते मुलाच्या नावानं, पण गार्डनरांचं पान आधी ती वाचायची. एका परक्या माणसाला जे सापडलं ते आणखी कुणाला का सापडू नये, म्हणून ती बसली. गणिताच्या खुणा तिला ठाऊक नव्हत्या, तेव्हा तिनं कोन आणि बाजूंसाठी स्वतःच्या खुणा तयार केल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढायची आणि कुणी आलं की झाकून ठेवायची. घरच्यांनाही आधी सांगितलं नाही. १९७६च्या फेब्रुवारीत तिला एक नवा प्रकार सापडला. तिनं तो गार्डनरांना पाठवला.

या जागी मी नेहमी थांबते. अशी पत्रं संपादकाकडं रोज येतात. कोनाचं त्रिभाजन केलं, वर्तुळाचा चौरस केला, अशा पट्टी-कंपासानं अशक्य ठरलेल्या गोष्टी केल्याचं सांगणाऱ्यांचा तर गार्डनरांकडं लोंढा असे. खोट्या विज्ञानाचं सोंग ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता, त्यावर त्यांनी १९५२मध्येच एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. एका गृहिणीचं, अनोळखी खुणांनी भरलेलं पत्र त्यांनी त्याच ढिगात टाकलं असतं तर कुणीही दोष दिला नसता. त्यांनी ते वाचलं. स्वतःला पारखता येईना तेव्हा पेनसिल्वेनियातल्या डोरिस शाटश्नायडर या गणितज्ञ बाईंकडं पाठवलं. शाटश्नायडरांना त्या खुणा आधी कोड्यासारख्या वाटल्या. मग त्यांनी चिकाटीनं त्या उलगडल्या आणि तपासून सांगितलं की हे बरोबर आहे. १९७७ संपेपर्यंत राइसबाईंनी एकूण चार नवे प्रकार दिले होते. त्यांच्या एका नक्षीच्या फरशा पुढं वॉशिंग्टनला अमेरिकेतल्या मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या प्रवेशदालनात बसवल्या गेल्या. १९८५मध्ये चौदावा प्रकार आला, २०१५मध्ये पंधरावा, आणि २०१७मध्ये मिशेल राओ यांनी संगणकाच्या मदतीनं दाखवलं की प्रकार पंधराच आहेत. राइसबाई त्याच वर्षी गेल्या.

बाईंची बुद्धी होतीच, ती कुणी दिली नाही. पण पत्र योग्य हातात पोचवणं हे काम कुणीतरी करावं लागतं, आणि ते मन लावून करणारी माणसं विरळा. मुलांच्या पत्रांत मला असं काही येईल तेव्हा ते मला ओळखू येईल का, ही काळजी मला खरोखर वाटते.

सदरातल्या ज्या लेखांची जगानं सर्वांत जास्त दखल घेतली ते मी भरभर सांगते, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. ऑक्टोबर १९७०मध्ये कॉनवे यांचा जीवनाचा खेळ आला. चौकटींच्या पटावर दोनच नियम, जिवंत शेजारी दोन किंवा तीन असतील तर जिवंत चौकट जगते, रिकाम्या चौकटीला नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर ती जन्मते. एवढ्यातून सरकणारे, धडधडणारे, फुटणारे आकार निघतात. एखादी मांडणी कायम वाढत जाते का, यावर कॉनवे यांनी पन्नास डॉलर लावले होते. महिन्याभरातच एमआयटीच्या बिल गॉस्पर यांच्या गटानं ठरावीक अंतरानं आकार बाहेर टाकत राहणारी बंदूक शोधून ते जिंकले. ऑगस्ट १९७७मध्ये रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांची गुप्तलेखनाची नवी रीत आली, तीही त्यांचा शोधनिबंध छापून येण्याआधी. १२९ अंकी संख्येचे अवयव पाडून संदेश उलगडा, शंभर डॉलर मिळवा, असं आव्हान त्यात होतं. लाखो वर्षं लागतील असं वाटलं होतं. १९९४मध्ये जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून ते फोडलं. संख्या पुरेशी मोठी घेतली की ती रीत आजही टिकते आणि मोबाईलवरून पैसे पाठवताना ज्या कुलपांवर आपण विसंबतो त्यांच्या घराण्यातली आहे.

आणि एप्रिल १९७५. कापरेकरांवरचा लेख येऊन महिना झाला होता. गार्डनरांनी सहा ‘सनसनाटी शोधांची’ बातमी दिली. त्यात एक नकाशा होता, म्हणे शेजारशेजारच्या प्रदेशांना वेगळे रंग द्यायचे तर चार रंगांत तो रंगवता येत नाही. बुद्धिबळात पहिली खेळी राजाच्या हत्तीचं प्यादं दोन घरं पुढं, आणि विजय नक्की. फ्लशचा संडास लिओनार्दोनं शोधला. आणि एक संख्या होती. ई या संख्येचा घात घ्यायचा, घातांक पाय गुणिले १६३चं वर्गमूळ. ही बरोबर २६२५३७४१२६४०७६८७४४ इतकी पूर्णांक संख्या येते, असं त्यांनी छापलं आणि तो अंदाज रामानुजनच्या नावावर घातला. सगळं खोटं, एप्रिल फूल. पण हजाराहून जास्त पत्रं आली. कित्येकांनी तो नकाशा चार रंगांत रंगवूनच धाडला. संख्येची लबाडी मात्र फार नाजूक आहे. खरी किंमत ...७४३च्या पुढं दशांशचिन्ह, मग बारा वेळा ९, आणि मग २५. साध्या गणकयंत्रावर ती पूर्णांकच दिसेल. अशा थट्टेलाही गणिताचं खोल सत्य लागतं. १६३ इतकी जवळ का नेते याला कारण आहे, आणि ते बीजगणितीय संख्यांच्या सिद्धांतात आहे.

या सदराच्या जोडीला एक लहान नियतकालिकही आठवतं. जोसेफ मॅडाची पेशानं रसायनतज्ज्ञ. १९६१मध्ये त्यांनी रंजक गणिताचं मासिक स्वतः काढलं, चौदा अंकांनंतर ते बंद पडलं, तरी १९६८मध्ये ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’ सुरू झालं तेव्हा संपादनाला पुन्हा तेच बसले. कापरेकर संख्यांवरचा (४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५) स्वतः कापरेकरांचा लेख तिथंच आला. गार्डनरांचा वाचकवर्ग मॅडाचींकडं नव्हता, पण अशी पानं नसती तर या लोकांनी लिहायचं कुठं?

गार्डनरांची पुस्तकं, म्हणजे सदरातल्या लेखांचे पंधरा संग्रह, हातात आली तर लेखानंतरची पुरवणी चुकवू नका. लेख छापून आल्यावर कोणी काय कळवलं, कोणी चूक दाखवली, कोणी उत्तर एका पायरीनं कमी केलं, सगळं तिथं नावानिशी आहे. शाळकरी मुलांची नावं प्राध्यापकांच्या शेजारी छापली आहेत. मला मूळ लेखाइतकीच ती पुरवणी प्रिय आहे.

ते फक्त गणिताचे नव्हते. ॲलिसच्या गोष्टीवर १९६०मध्ये त्यांनी केलेली टीपांची आवृत्ती लाखांनी खपली. भोंदूगिरीची चिकित्सा करणारी समिती १९७६मध्ये उभी राहिली तिच्या संस्थापकांत ते होते. आणि हेच गार्डनर देव मानत. पुरावा देता येत नाही, तरी मानतो, असं त्यांनी लपवाछपवी न करता लिहिलं. त्यांच्या काही मित्रांना याचं कोडं पडलं. मला ते त्यांच्या बाकीच्या लिहिण्याशी सुसंगत वाटतं, जे माहीत आहे ते माहीत आहे आणि जे नाही ते नाही, असं सांगून टाकणारं.

१९७९मध्ये ते पत्नी शार्लट यांच्यासह नॉर्थ कॅरोलायनात राहायला गेले. २००० साली शार्लट गेल्या. नंतर ते ओक्लाहोमातल्या नॉर्मनला मुलाजवळ राहिले आणि आत्मचरित्र लिहीत होते. २२ मे २०१० रोजी पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. १९९३पासून त्यांच्या चाहत्यांचा मेळावा अटलांटात भरतो, कोडी, जादू, गणित सगळं एकत्र. मात्र स्वतः गार्डनर फक्त पहिल्या दोन मेळाव्यांना गेले.

त्यांनी लावलेलं एक बक्षीस अजून पडून आहे. तीन बाय तीनचा जादूचा चौरस मुलांना येतो, उभी, आडवी, तिरकी बेरीज सारखी. १९९६मध्ये गार्डनरांनी विचारलं की नऊही घरांत वेगवेगळ्या वर्गसंख्याच असतील असा चौरस आहे का? शंभर डॉलर देऊ केले. नवापैकी सात घरांत वर्ग असलेला चौरस मिळाला आहे. नऊच्या नऊ कुणालाही जमलेले नाहीत, आणि ते जमणारच नाहीत असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. पुढच्या अंकात मी हा प्रश्न माझ्या पानावर देणार आहे. उत्तर माहीत नाही असं तिथं स्पष्ट लिहीन, आणि पत्ता ठळक अक्षरांत छापायला सांगितलाय.